दार उघडे ठेवणारे संगीत : 'मुझिका एलेत्रोनिका विवा'ची पन्नास वर्षे

#धागा #संगीताचा_इतिहास

१/
५ ऑक्टोबर १९६७. पश्चिम बर्लिनमधील कला अकादमीच्या मंचावर सहा जण वादनास बसले होते. एकापुढे काचेची तक्ती होती आणि तिला स्प्रिंगा जोडलेल्या होत्या. दुसऱ्यापुढे मोटारीच्या तेलाचा रिकामा डबा होता व त्यावर 'एम्बिरा' हे अंगठ्यांनी वाजवायचे आफ्रिकी वाद्य बसवलेले होते. तिसऱ्याने इलेक्ट्रिक ऑर्गनचे सुटे भाग जुळवून स्वतःचे यंत्र बनवले होते. चौथ्यापुढे तारांनी वेढलेला मोग सिंथेसायझर होता. सोबत एक सॅक्सोफोनवादक आणि एक गायिका. कोणापुढेही स्वरलिपीचा कागद नव्हता आणि समोर निर्देशकही नव्हता.

२/
या समूहाचे नाव 'मुझिका एलेत्रोनिका विवा', म्हणजे 'जिवंत इलेक्ट्रॉनिक संगीत'. संक्षेपाने एमईव्ही. १९६६ साली रोममध्ये तो स्थापन झाला आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे युरोप व अमेरिकेतील अनेक शहरांत वाजत राहिला. या काळात त्याचे सदस्य सतत बदलले. कोण आत आणि कोण बाहेर, हे निश्चित सांगणे अनेकदा कठीण होते. या समूहाने स्वतःलाच एक अवघड प्रश्न घातला होता : ज्या संगीताला मालक नाही, त्याला दार तरी का असावे? हा धागा त्या प्रश्नाचा आणि त्याला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

३/
नावातील 'जिवंत' हा शब्द समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत जन्मले ते रेडिओ केंद्रांच्या प्रयोगशाळांत. पॅरिसमध्ये पिएर शेफर, कोलोन येथील पश्चिम जर्मन रेडिओच्या स्टुडिओत कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन, मिलानच्या सरकारी रेडिओत लुचानो बेरिओ आणि ब्रुनो मादेर्ना. ध्वनिफितीचे तुकडे पात्याने कापायचे, जोडायचे, पुन्हा कापायचे. काही मिनिटांच्या रचनेस कित्येक महिने लागत. सभागृहात मात्र श्रोत्यांसमोर रिकामा मंच आणि ध्वनिक्षेपक एवढेच असे. संगीत पूर्वीच घडून गेलेले असे.

४/
या स्टुडिओंची यंत्रे महाग आणि अवाढव्य होती. ती संस्थांच्या मालकीची होती आणि तेथे प्रवेश मिळणे हाच मोठा मान समजला जाई. १९६० साली अमेरिकी रचनाकार जॉन केज यांनी 'कार्ट्रिज म्युझिक'मध्ये दुसरा मार्ग दाखवला. ग्रामोफोनच्या कार्ट्रिजमध्ये सुईऐवजी तारा, काड्या यांसारख्या लहान वस्तू खोचायच्या आणि त्यांचे अस्फुट आवाज मोठे करून मंचावरच ऐकवायचे. याच सुमारास ट्रान्झिस्टरमुळे उपकरणे लहान आणि स्वस्त होत होती. वस्तूला चिकटवायचा स्पर्श-मायक्रोफोन असला की काचही वाद्य होऊ शकत होती.

५/
ही कल्पना रोममध्ये रुजली ती तरुण अमेरिकी संगीतकारांच्या हातून. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकार आणि धनाढ्य प्रतिष्ठाने युरोपातील सांस्कृतिक देवघेवीसाठी सढळ हाताने पैसा देत होती. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर संगीताचे विद्यार्थी इटलीत येत. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून कलावंत भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये राहावयास जात. आपल्या संस्कृतीचे दूत म्हणून पाठवलेल्या या तरुणांपैकी काही जण पुढे आपल्याच सरकारच्या व्हिएतनाम युद्धाचे कडवे टीकाकार झाले.

६/
समूहाच्या केंद्रस्थानी तिघे होते. फ्रेडरिक झेफ्स्की (जन्म १९३८) हार्वर्ड आणि प्रिन्स्टन येथे शिकून १९६० साली फ्लॉरेन्सला आले व तेथे लुइजी दाल्लापिक्कोला यांच्याकडे शिकले. अल्विन करन (जन्म १९३८) यांनी येल विद्यापीठात एलियट कार्टर यांच्याकडे शिक्षण घेतले. कार्टर यांच्यासमवेत ते बर्लिनला गेले आणि तेथून रोमला येऊन स्थायिक झाले. रिचर्ड टायटेलबॉम (जन्म १९३९) हेही येलचेच. फुलब्राइटवर इटलीत येऊन त्यांनी गोफ्रेदो पेत्रास्सी आणि लुइजी नोनो यांचे मार्गदर्शन घेतले. तिघेही लिखित स्वरलिपीच्या शिस्तीत पूर्ण तयार झालेले होते.

७/
त्यांच्याबरोबर स्थापनेच्या वेळी आणखी चौघे होते : स्वतः वाद्ये घडवणारे ॲलन ब्रायंट, गायिका कॅरल प्लांटामुरा, चेलोवादक जॉन फेटिप्लेस आणि हंगेरीत जन्मलेले, इटलीत वाढलेले सॅक्सोफोनवादक इव्हान वांदोर. वांदोर पुढे तिबेटी बौद्ध संगीताचे अभ्यासक म्हणून ओळखले गेले. म्हणजे आरंभापासूनच या समूहाला एक देश नव्हता. पत्ता रोमचा, बहुसंख्य सदस्य अमेरिकी, आणि वादनाचे दौरे जर्मनीपासून इंग्लंडपर्यंत.

८/
स्वरलिपीशिवाय सामूहिक वादन करणारा हा पहिला समूह नव्हे. रोममध्येच १९६४ पासून फ्रांको एव्हांजेलिस्ती यांचा 'नुओव्हा कोन्सोनान्झा' हा समूह कार्यरत होता. चित्रपटसंगीतामुळे जगप्रसिद्ध झालेले एन्यो मोरिकोने त्यात ट्रम्पेट वाजवीत. लंडनमध्ये १९६५ साली 'एएमएम' सुरू झाला होता. परंतु नुओव्हा कोन्सोनान्झा हा रचनाकारांनी रचनाकारांसाठी चालवलेला समूह होता, आणि एएमएमही मोजक्या वादकांचा होता. आत कोणी यावे, हा प्रश्न तेथे या रीतीने विचारला गेला नाही. एमईव्हीने तो विचारला.

९/
१९६७ साली टायटेलबॉम अमेरिकेहून रोमला परतले तेव्हा त्यांच्याबरोबर मोग सिंथेसायझर होता. युरोपात आलेल्या अगदी आरंभीच्या मोग यंत्रांपैकी हे एक. रॉबर्ट मोग यांच्या साहाय्याने त्यांनी त्यात एक विलक्षण सोय करून घेतली होती : माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी, हृदयाचे ठोके आणि श्वास यांच्या साहाय्याने यंत्राचा ध्वनी नियंत्रित करण्याची. 'इन ट्यून' या त्यांच्या रचनेत मंचावरील व्यक्ती स्वस्थ डोळे मिटून बसे आणि डोळे उघडताच, मेंदूतील लहरी बदलताच, ध्वनीही बदले. ज्याला एकही वाद्य येत नाही तोही वादक ठरू शकतो, हे येथे प्रत्यक्ष यंत्राने सिद्ध केले.

१०/
बर्लिनमध्ये वाजवलेल्या कृतीचे नाव होते 'स्पेसक्राफ्ट'. तिला स्वरलिपी नव्हती, पण एक शब्दांत मांडलेली योजना होती. झेफ्स्की यांच्या मांडणीनुसार प्रत्येक वादक आरंभी स्वतःच्याच चक्रव्यूहात असतो. त्याच्या सवयी, त्याचे शिक्षण, त्याची आवडनिवड यांनी ती जागा आधीच व्यापलेली असते. इतरांचे ऐकत त्याने त्यातून वाट काढायची आणि सर्वांनी मिळून नव्याने घडवलेल्या सामायिक जागेत पोहोचायचे. ती जागा सापडेलच याची हमी नसे. न सापडल्यास प्रत्येकाने आपापल्या व्यूहात राहून शेवटपर्यंत शोध घ्यायचा.

११/
ही केवळ वादनाची पद्धत नव्हती. पाश्चात्त्य कलासंगीतात १९व्या शतकापासून एक उतरंड रूढ झाली होती : वर रचनाकार, त्याखाली त्याची आज्ञा पाळणारा वादक, सर्वांत खाली गप्प बसून ऐकणारा श्रोता. झेफ्स्की हे स्वतः असामान्य पियानोवादक होते. श्टॉकहाउझन यांची 'क्लाव्हियरश्ट्युक १०' ही अत्यंत कठीण रचना १९६२ साली पालेर्मो येथे प्रथम त्यांनीच वाजवली. त्या उतरंडीतील मधल्या पायरीवर त्यांचा अधिकार निर्विवाद होता. 'स्पेसक्राफ्ट'ने वरच्या दोन पायऱ्या एक केल्या. तिसरी मात्र तशीच राहिली. श्रोता अद्याप खुर्चीतच बसलेला होता.

१२/
मग १९६८ उजाडले. १ मार्च रोजी रोममधील व्हाले जूलिया येथे विद्यार्थी आणि पोलीस यांची चकमक झाली. मे महिन्यात पॅरिस पेटले. अमेरिका सोडून युरोपभर फिरणाऱ्या 'लिव्हिंग थिएटर' या नाट्यसंस्थेने जुलैमध्ये फ्रान्समधील आव्हिन्यों येथे 'पॅराडाइज नाउ' सादर केले आणि प्रेक्षकांना थेट मंचावर ओढले. विद्यापीठांत, कारखान्यांत, नाट्यगृहांत सर्वत्र एकच विचारणा होती : ठरवणारे कोण आणि मानणारे कोण? अशा वर्षी श्रोत्याला खुर्चीत बसवून ठेवणे एमईव्हीला शक्य नव्हते.

१३/
त्याच वर्षी समूहाने आपल्या रोममधील जागेचे दार उघडले. त्रास्तेव्हेरे हा नदीपलीकडचा कष्टकऱ्यांचा जुना भाग. तेथे कोणीही यावे आणि समूहासोबत वाजवावे, अशी मुभा होती. या प्रयोगाचे नाव 'झुप्पा', म्हणजे सूप. नाव नेमके होते. पातेले एकच, ज्याला जे घालायचे ते त्याने घालावे, आणि चव सर्वांची मिळून ठरावी. प्रशिक्षित वादक आणि रस्त्यावरून सहज आलेला माणूस एकाच वर्तुळात बसू लागले.

१४/
१९६९ साली त्याचे मोठे रूप आले : 'साउंड पूल', ध्वनींचा तलाव. श्रोत्यांनी कार्यक्रमाला येताना स्वतःचे वाद्य किंवा आवाज करणारी कोणतीही वस्तू आणावी आणि आपला ध्वनी या तलावात सोडावा. येथे झेफ्स्की यांची एक अपेक्षा महत्त्वाची आहे. जो अधिक तयारीचा, त्याने पुढे येऊन कौशल्य दाखवू नये. त्याने साथीला बसावे, ज्याला वाट सापडत नाही त्याला आधार द्यावा. म्हणजे तज्ज्ञाचे काम नाहीसे झाले नव्हते. ते यजमानाचे झाले होते.

१५/
त्याच वर्षी झेफ्स्की यांनी 'ले मूतों द पानुर्ज' ही रचना लिहिली. नाव फ्रेंच लेखक राबले यांच्या कथेतील, एकामागोमाग समुद्रात उड्या घेणाऱ्या मेंढ्यांवरून घेतलेले. ६५ स्वरांची एक धून. प्रथम पहिला स्वर, मग पहिला-दुसरा, मग पहिला-दुसरा-तिसरा, असे ६५ पर्यंत वाढवत जायचे आणि नंतर आरंभापासून एकेक स्वर गाळत यायचे. सर्वांनी एकत्र, द्रुत लयीत. चूक जवळजवळ अटळ. आणि सूचना अशी की जो चुकेल त्याने परत कळपात शिरण्याचा प्रयत्न करू नये. चुकलेल्या वाटेनेच पुढे जावे. संगीत न शिकलेल्यांसाठीही या रचनेत स्वतंत्र सूचना आहेत.

१६/
याच सुमारास, १९६९ मध्येच, लंडनमध्ये कॉर्नेलियस कार्ड्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्क्रॅच ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. त्यातही शिकलेले आणि न शिकलेले एकत्र होते. काही वर्षांतच तो समूह राजकीय मतभेदांनी फुटला. कार्ड्यू माओवादी झाले आणि आपल्या पूर्वीच्या प्रायोगिक संगीतावरच त्यांनी प्रखर टीका केली. दोन देशांत एकाच वेळी झालेले हे प्रयोग सांगतात की 'सर्वांचे संगीत' ही एखाद्या व्यक्तीची लहर नव्हती. ती त्या पिढीची निकड होती.

१७/
परंतु उघड्या दाराच्या आपल्या अडचणी असतात. जेथे कोणताही नियम नाही, तेथे ध्वनिशास्त्राचा नियम उरतोच. मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो. ढोल आणणारा ऐकू येतो, बासरी आणणारी ऐकू येत नाही. शिवाय मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक असले की कोणाचा तरी हात बटणावर असतो, आणि ती यंत्रे कोणाच्या तरी मालकीची असतात. रचनाकाराची सत्ता काढून टाकली म्हणजे सत्ताच नाहीशी झाली असे होत नाही. ती दिसेनाशी होते, आणि न दिसणाऱ्या सत्तेला जाब विचारणे अधिक अवघड असते.

१८/
दुसरा आक्षेप अधिक खोल होता आणि तो नीट शब्दांत यायला काळ जावा लागला. प्रायोगिक संगीताच्या गोऱ्या वर्तुळांत उत्स्फूर्त वादनाविषयी बोलताना जणू ते शून्यातून जन्मले असे मानले जाई. प्रत्यक्षात कृष्णवर्णीय अमेरिकी जाझ वादक अनेक दशके तेच करत होते. शिकागो येथे १९६५ साली स्थापन झालेल्या 'एएसीएम' या संघटनेतील संगीतकार तर त्याच वर्षांत नवी वाद्ये, नवे ध्वनी आणि सामूहिक सर्जन यांचा शोध घेत होते. त्यांच्या कार्याची नोंद 'प्रायोगिक' या खान्यात क्वचितच होई.

१९/
१९९६ साली जॉर्ज लुइस यांनी एका गाजलेल्या निबंधात हा भेद स्पष्ट केला. एका परंपरेत उत्स्फूर्तता म्हणजे स्मृती आणि व्यक्तित्व पुसून टाकणे. दुसरीत उत्स्फूर्तता म्हणजे आपली कहाणी, आपला इतिहास आपल्याच आवाजात सांगणे. ज्यांचा इतिहास सक्तीने पुसला गेला, त्यांना 'सारे विसरून वाजवा' हा उपदेश मुक्तीचा वाटेलच असे नाही. येथे एक गोष्ट विशेष आहे : लुइस हे एएसीएमचे सदस्य होते, ट्रॉम्बोनवादक होते आणि स्वतः एमईव्हीसोबत वाजवणारेही होते. हा विचार मांडणारा माणूस समूहाच्या वर्तुळाबाहेरचा नव्हता.

२०/
तोपर्यंत समूहाचे स्वरूपही पालटले होते. १९७० साली त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. त्यात एएसीएमचे सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन सहभागी होते. त्यानंतर समूह विखुरला. करन रोममध्ये राहिले, झेफ्स्की न्यूयॉर्कला गेले, तर पॅरिसमध्ये इव्हान आणि पॅट्रिशिया कोआकेत यांच्याभोवती निराळेच मंडळ जमले. त्या पॅरिसच्या मंडळाने 'लीव्ह द सिटी' नावाची तबकडी एमईव्हीच्याच नावाने काढली. तिच्यात संस्थापक त्रयीचा हात नाही. नाव कोणाच्या मालकीचे नाही, हे तत्त्व येथे अक्षरशः खरे ठरले.

२१/
न्यूयॉर्कमधील शाखेचे एक ध्वनिमुद्रण त्या काळाचा दस्तऐवज आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकी विमानांनी हनोईवर प्रचंड बाँबफेक केली. ३१ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूबीएआय' या रेडिओ केंद्रावर झेफ्स्की, टायटेलबॉम, ट्रॉम्बोनवादक गॅरेट लिस्ट, जर्मन व्हायब्राफोनवादक कार्ल बर्गर आणि तालवादक ग्रेगरी रीव्ह यांनी वादन केले. त्याचे शीर्षक 'स्टॉप द वॉर'. चार आठवड्यांनी, २७ जानेवारी १९७३ रोजी, पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या.

२२/
पुढे प्रत्येकाने त्या मूळ प्रश्नाचे आपापले उत्तर शोधले. झेफ्स्की पुन्हा लिखित संगीताकडे वळले. १९७५ साली त्यांनी चिलीतील प्रतिकाराच्या गीतावर 'द पीपल युनायटेड विल नेव्हर बी डिफीटेड!' ही ३६ आवर्तनांची विराट पियानोरचना लिहिली. जनता येथे वादकांच्या वर्तुळात नव्हती, ती विषयात आणि सर्वांना ठाऊक असलेल्या धुनेत होती. तरीही शेवटाकडे वादकाला हवे तर उत्स्फूर्त वाजवता येईल अशी एक मोकळी जागा त्यांनी राखून ठेवली.

२३/
करन यांनी १९७५ ते १९८० या काळात रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत उत्स्फूर्त संगीत शिकवले. त्यांचे विद्यार्थी नट होते, संगीतकार नव्हेत. त्यातून होड्यांत बसून पाण्यावर गायनवादन करण्याचे प्रयोग निघाले आणि पुढे बंदरांतील जहाजांचे भोंगे वापरणारी 'मॅरिटाइम राइट्स' ही मालिका झाली. टायटेलबॉम १९७६ मध्ये जपानला जाऊन बांबूची शाकुहाची बासरी शिकले. लिस्ट यांनी बेल्जियममधील लिएज येथील संगीतशाळेत उत्स्फूर्त वादनाचा वर्ग चालवला. झेफ्स्कीही १९७७ पासून तेथेच अध्यापन करत होते. उघडे दार आता वर्गखोलीला लागले होते.

२४/
आणि तरीही समूह संपला नाही. दर काही वर्षांनी तिघे कोठेतरी एकत्र येत : १९८२ साली ॲमस्टरडॅम, १९९० साली स्वित्झर्लंडमधील बर्न, २००२ साली इटलीतील फेरारा, २००७ साली अमेरिकेतील टँगलवूड. सोबत कधी सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी, कधी लिस्ट, कधी लुइस. 'एमईव्ही ४०' या २००८ सालच्या संचात चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणे चार सीडींवर एकत्र आली. लेसी २००४ मध्ये, लिस्ट २०१९ मध्ये, टायटेलबॉम २०२० मध्ये आणि झेफ्स्की २०२१ मध्ये निवर्तले.

२५/
१९६९चा तो 'ध्वनींचा तलाव' फसला, असे म्हणता येईल. त्याचे रूप टिकले नाही, हे खरेच. पण त्यातील एक कलम पुढच्या सर्व कामांत सापडते : तयारीच्या माणसाने साथीला बसावे. दार उघडणे ही एका क्षणाची कृती असते. आत आलेल्याला ऐकू येईल, ऐकले जाईल अशी जागा करून देणे हे रोजचे कष्टाचे काम असते. पहिल्या कामासाठी १९६८चा उत्साह पुरेसा होता. दुसऱ्यासाठी करन, लिस्ट, झेफ्स्की यांना उर्वरित आयुष्य वर्ग घ्यावे लागले.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी शेवटी एक उणीव उरते. ज्यांनी समूह स्थापला त्यांची नावे तबकड्यांवर आणि ग्रंथांत आहेत. परंतु त्रास्तेव्हेरेतील त्या जागेत रस्त्यावरून सहज शिरलेली, घरून वाद्य किंवा भांडे घेऊन 'साउंड पूल'ला आलेली माणसे नावाविनाच राहिली. जे संगीत त्यांच्यासाठी घडवले गेले, त्याचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिला जातो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या गलक्यात त्यांचे आवाज मात्र आहेत, कोणता कोणाचा हे ओळखता न येण्याइतके एकमेकांत मिसळलेले.

(धागा समाप्त)